चालकाची वहाण

ट्रकच्या पाठीवर काय लिहिलेले असते यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. शेर, टोमणे, लिंबू-मिरची, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली पुसून टाकायला लावलेले 'हॉर्न ओके प्लीज', हे सारे ललित लेखकाला प्रिय असते. कारण मागच्या मोटारीत बसल्याबसल्या ते वाचता येते. चालकाच्या पायांत काय आहे ते मात्र मोटारीतून दिसत नाही. त्यासाठी आपण खाली उतरावे लागते आणि त्याची गाडीही उभी असावी लागते. सोनगीरला आग्रा रोडच्या कडेला गाड्या उभ्या असतातच. आम्ही ह्या विषयाकडे वळलो ते एवढ्याच निमित्ताने.

येथे बोलायचे आहे ते सपाट पाठीच्या ट्रेलरबद्दल. ह्या गाडीला बाजूचे फाळके नसतात, वर छप्पर नसते. चाकांवर ठेवलेला एक लांब लोखंडी पाट म्हणावे अशी तिची रचना. लोखंडी सळ्या, पत्र्याची भेंडोळी, अवजड यंत्रे, जे जे पेटीत मावत नाही ते ते तिच्यावर चढते. मागच्या दोन-अडीच दशकांत साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची पाती वाहून नेणाऱ्या गाड्या वळणावर कशा अडतात हे धुळे जिल्ह्याने डोळे भरून पाहिले. बंद पेटीच्या ट्रकचा चालक दार लावले की मोकळा होतो. ट्रेलरच्या चालकाला ती सोय नाही. साखळ्या टाकणे, बेल्ट कसणे, ताडपत्री ओढून दोर बांधणे हे त्याचेच काम. आणि थोडे अंतर गेले की माल बसतो, साखळी सैल पडते, म्हणून पुन्हा थांबून वर चढणे हेही त्याचेच. म्हणजे ह्या माणसाला दोन धंदे आहेत. एक बसून करायचा, एक चढून करायचा. कपडे मात्र एकच.

आता लुंगीकडे येऊ. लुंगी, बनियन आणि हवाई चप्पल ह्या वेषाला सुशिक्षित माणूस गबाळेपणा म्हणतो. आमच्या मते तो गबाळेपणा नसून विचारान्ती काढलेले उत्तर आहे. जुन्या गाड्यांत इंजिन केबिनच्या तळाशी, चालकाच्या पायांजवळ धगधगत असते. खानदेशात मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश झालेले असतात. अशा भट्टीत आठ-दहा तास बसणाऱ्याने टेरिकॉटची विजार घातली तर मांड्यांना घामोळे येते, जांघेत कातडी सोलवटते. लुंगीतून वारा खेळतो, ती दुपारी अंथरता येते, रात्री पांघरता येते, विहिरीवर धुऊन तासाभरात वाळवता येते. चपलेचेही तसेच. ती क्षणात पायांतून निघते, आणि पुष्कळ चालक ती काढून अनवाणीच गाडी हाकतात. क्लच कुठे धरतो ते तळव्याला नेमके कळते असे त्यांचे म्हणणे. शिवाय पायातली सैल चप्पल निसटून ब्रेकच्या पेडलखाली अडकण्यापेक्षा अनवाणी पाय बरा, ह्यात शहाणपण नाही असे कोण म्हणेल?

सप्टेंबर २०१९ मध्ये, मोटार वाहन कायद्यातील नव्या दुरुस्त्या लागू होताच, उत्तर प्रदेशात लुंगी-बनियनवर ट्रक चालवणाऱ्यांना दोन हजारांचा दंड होत असल्याच्या बातम्या आल्या. देशभर हशा पिकला. त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला, की लुंगी-बनियन, अर्ध्या बाह्यांचा सदरा किंवा चप्पल यांसाठी नव्या कायद्यात दंड नाही. प्रकरण मिटले. पण त्या साऱ्या गदारोळात एक गोष्ट कुणी विचारली नाही: लुंगी नको, तर मग काय? दंड करणाऱ्यांना सभ्यतेची काळजी होती, हसणाऱ्यांना स्वातंत्र्याची. चालकाच्या पायाच्या बोटांची काळजी दोघांनाही नव्हती.

कारण केबिनमध्ये जे शहाणपणाचे तेच पाटावर घातक. छातीइतक्या उंचीच्या पाटावर चढताना लुंगीचा सोगा आकड्यात अडकतो. उन्हात तापलेल्या सळईवर हवाई चपलेचा रबर मऊ पडतो, आणि ताडपत्रीवर पावसाचे चार थेंब पडले की तो साबणासारखा सरकतो. रॅचेटचा दांडा सुटून खाली पडला तर चपलेतल्या अंगठ्याला वाचवायला काहीही नसते. वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसांत मधुमेह पुष्कळ. पायाची संवेदना मंदावलेली असली की टोचलेली तार रात्री पाय धुताना रक्त दिसेपर्यंत कळत नाही, आणि ती जखम पुढे किती काळ चिघळेल ते सांगता येत नाही. शिवाय उतरताना सगळे उडी मारतात. बोटात खड्याची अंगठी असेल आणि ती साखळीच्या आकड्यात अडकली, तर शरीर खाली येते आणि बोटाची कातडी वर राहते. हे वर्णन कुणाला अप्रिय वाटेल. पण अंगठी श्रद्धेची असते, ती काढ म्हणणे सोपे नाही, म्हणून कारण स्पष्ट सांगितलेले बरे. ती गळ्यातल्या दोऱ्यात ओवून सदऱ्याच्या आत ठेवावी असेही सुचवले जाते. त्यापेक्षा केबिनमध्ये देवाच्या तसबिरीपाशी ठेवावी, देव रागावत नाही.

नियमातली खाकी ह्यावर उतारा आहे काय? खाकीची जन्मकथा ह्या दृष्टीने मोठी बोधक आहे. 'खाक' म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावरला 'गाइड्स' नावाची पलटण उभी राहिली. तिच्या शिपायांना धुळीच्या रंगाचे कपडे देण्याची कल्पना हॅरी लम्सडेन ह्या इंग्रज अधिकाऱ्याची. हेतू हा, की माणूस मातीत मिसळून जावा, शत्रूला दिसू नये. हाच रंग पुढे पोलिसाला, पोस्टमनला, एस.टी.च्या चालकाला आणि ट्रकचालकाला मिळाला. आता कल्पना करा: रात्री दोन वाजता महामार्गाच्या कडेला एक माणूस वाकून बेल्ट कसतो आहे, मागून गाड्या वेगाने येत आहेत, आणि त्याच्या अंगावर दिसू नये म्हणूनच शोधलेला रंग आहे. सरकारी गणवेषाचा इतका नेमका उलटा उपयोग दुसरा क्वचितच सापडेल.

बुटांची कथा याहून करुण. कारखान्याच्या फाटकावर सेफ्टी बूट आणि हेल्मेटवाचून आत सोडत नाहीत, म्हणून बहुतेक ट्रेलरमध्ये सीटमागे एक जोड टांगलेला असतो. तो कुणाच्याच मापाचा नसतो. चालक आत जाताना तो घालतो, नाहीतर क्लीनर घालतो. फाटकाबाहेर आले की पुन्हा सीटमागे. आम्ही सोनगीरच्या एका वयस्क चालकाला, ज्यांना सगळे आबा म्हणतात, विचारले की हा बूट वाटेत बांधणी तपासताना का घालत नाही. आबांनी तो हातात घेऊन आम्हाला वजन करायला दिला आणि म्हणाले, "भो, हाऊ बूट नही, खोडा शे." बूट खरोखरच तसा होता. पुढचे पोलादी नाक इतके रुंद, की ब्रेक दाबावा तर सोबत दुसरे पेडलही दबेल. तळ इतका जाड, की खाली पेडल आहे की दगड ते कळू नये.

सेफ्टी बुटासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५२९८. त्यानुसार पोलादी नाकाने दोनशे जूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे साधारण वीस किलोचे वजन एक मीटरवरून बोटांवर पडले तरी बोटे शाबूत राहावीत. मानक चांगले आहे. पण ते प्रामुख्याने बोटांवर काय पडेल याचा हिशेब मांडते. ट्रेलरच्या चालकाला त्याच पायाने क्लचही दाबायचा असतो, हे बूट निवडणाऱ्यानेच ध्यानात ठेवावे लागते. आणि निवडणारा बहुधा मालकाचा मुनीम असतो, जो कधी पाटावर चढलेला नाही.

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. भट्टीपाशी बसणारा तांबट काय नेसतो ते कुठल्या परिपत्रकाने ठरवलेले नाही. सुती आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला न चिकटणारे, हे त्याचे त्याने ठरवले. कारण भट्टीही त्याची आणि कातडीही त्याचीच. ट्रेलरवर गाडी एकाची, माल दुसऱ्याचा, फाटकाचा नियम तिसऱ्याचा. चालकाचे असे फक्त शरीर. 'पायातली वहाण पायातच बरी' ही आपली जुनी म्हण माणसाला पायरी दाखवण्यासाठी वापरली गेली. वहाण पायात तरी नीट असावी, हा तिचा सरळ अर्थ कुणी घेतला नाही.

खर्च कुणी करायचा, ह्याचे कायदेशीर उत्तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात होते. चालकांना गणवेष, पावसाळी कोट, धुलाईचा भत्ता मालकाने द्यावा असे नियम राज्य सरकार करू शकेल, असे त्याच्या दहाव्या कलमात म्हटले होते. पण तो कायदा पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच आपोआप लागू, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. आता तो २०२० च्या संहितेत सामावला गेला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हा खरा बदल. लुंगीचे मुख्य कारण त्याने हळूहळू नाहीसे होईल. परंतु जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे धावणार. एका टायरच्या किमतीत चांगल्या बुटांचे दहा-बारा जोड येतात, हे मालकाला सांगून पाहावे. आम्ही सांगितले. तो म्हणाला, टायर फुटला तर गाडी थांबते.

मग निवडावे काय? सदरा सुती, पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा. बाह्या उन्हापासून आणि सळईच्या ओरखड्यापासून वाचवतात. त्यावर रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाळीदार जाकीट, जे आरशापाशी टांगून ठेवता येते. विजार सुती, गुडघ्यात सैल पण घोट्याशी आवळ. जीन्सचा मोह टाळावा. ती तापते आणि पावसात भिजली की दोन दिवस वाळत नाही. धुळ्याकडची डिसेंबरातली रात्र बोचरी असते, तेव्हा स्वेटर चालेल, पण मफलरची टोके आत खोचून. हातमोजे चामडी तळव्याचे. लुंगी झोपायला राहू द्यावी, तिच्याशी आमचे वैर नाही.

पायांसाठी दोन जोड हेच खरे उत्तर: केबिनमध्ये पातळ सपाट तळाचा, टाच धरून ठेवणारा कॅनव्हासचा बूट, आणि पाटावर घोटा झाकणारा, खाचांच्या तळाचा, नाक मजबूत असलेला. दोन परवडत नसतील तर दुसराच घ्यावा, पण पोलादाऐवजी हलक्या संमिश्र नाकाचा आणि वाकणाऱ्या तळाचा. असे बूट आता मिळतात. नाडी लांब लोंबणारी नको. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभर बसून पाय सुजलेले असतात आणि सकाळी बेताचा वाटणारा बूट रात्री चावतो. आणि दुकानात उभे राहून ठरवू नये. बूट घेऊन गाडीपाशी जावे, सीटवर बसून क्लच दहा वेळा दाबावा, ब्रेक दाबताना शेजारचे पेडल लागते का पाहावे, मग पायरीवरून तीनदा चढून-उतरून पाहावे. दुकानदार कुरकुर करतो. करू द्यावी.