राग मानू नका, सर

"राग मानू नका सर, पण पुढच्या वेळी ताईच असतील ना?" तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातला ऑपरेटर दाराशी चपला चढवता चढवता विचारून गेला. तपशील अर्थातच बदललेत. मी "हो हो" म्हणत हसलो. रात्री जेवण गेलं नाही.

ताई म्हणजे माझ्याकडे समुपदेशन शिकायला येणारी मुलगी. पालघरहून डहाणू लोकलनं दोन स्टेशनं. बोलते इतकं कमी, की पहिल्याच महिन्यात मी तिला ऐकवलं होतं, "अगं, समोरच्याला वाटेल तुला कळलंच नाही." मी बोईसरच्या या खोलीत पंचवीस वर्षं बोलतोय. दाखले, विनोद, हशा. त्या ऑपरेटरच्याही तीन बैठका मी अशाच रंगवल्या. चौथीला ती बसली, मी कोपऱ्यात. तो गेटपासची दोरी बोटाभोवती गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. माझ्या जिभेवर दोन वाक्यं तयार. ती गप्प. बऱ्याच वेळानं दोरी सुटली आणि तो म्हणाला, "सेकंड शिफ्ट मी मागून घेतो. घरी सगळे झोपल्यावर पोचावं म्हणून."

माझ्या तीन बैठकांत सेकंड शिफ्ट हा झोपेचा प्रश्न होता.

स्वभाव जुळला की माणूस टिकतो, हे आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. पण जुळला म्हणजे काय? सातपाटीच्या एका मावशींना हीच मुलगी 'मुकी' वाटली; माझ्याशी भांडता येतं म्हणून त्या माझ्याकडेच येतात. कुणी "जमत नाही" म्हणून गेला, तर सूत जुळलं नाही की आपलं बोट दुखऱ्या जागी पडलं? पाठमोरा माणूस दोन्ही वेळा सारखाच दिसतो. आणि खूश होऊन येत राहतो त्याचं काय? एक गृहस्थ चार वर्षं दर महिन्याला आले. माझं कौतुक वाढत गेलं, दारू होती तेवढीच राहिली.

मानसोपचाराची १९६५ सालची ती फिल्म आमच्या धंद्यात सगळ्यांनीच पाहिलीय. बोलायला आलेली एकच ग्लोरिया; समोर पाळीपाळीनं तीन उपचारक, रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस. शेवटी ती म्हणाली, सध्या उपयोग होईल तो पर्ल्सचा, म्हणजे ज्यांच्यावर ती चिडली होती त्यांचाच. पुढे कित्येक वर्षं संपर्क मात्र ठेवला रॉजर्सशी. यातली खरी पसंती कोणती, यावर मी विद्यार्थ्यांना तासभर बोलायला लावतो. आणि दर वेळी बाजू घेतो एलिसची, कारण मीही त्यांच्यासारखाच, घाईचा आणि खात्रीचा. तिच्या दोन्ही पसंतींत एलिस नाहीत, हे मी वर्गात कधीच बोललो नाही.

हल्ली मुंबईकडचे लोक मोबाइलवर प्रश्नावली भरून घेतात आणि तुमच्या स्वभावाचा समुपदेशक काढून देतात. छत्तीस गुण जुळवून मोकळे. संसार कुणी करायचा? हे मी मोठ्या आवेशानं सांगत असतो. आवेश कशाचा, ते आता कळतंय. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली. तोवर इथल्या कामगारानं विरारपलीकडे कुणाला गाठायचं तर पगाराचा खाडा. इथं होतो मी. मराठी, हिंदी दोन्ही बोलणारा, फी परवडणारा, स्टेशनापासून चालत गाठता येणारा. लोकांपुढे दुसरं नावच नव्हतं आणि मी समजत होतो, लोकांना मी आवडतो.

पुढच्या मंगळवारी तो ऑपरेटर आला. ताई आत, मी बाहेर बसलो. दाराला कान लावला नाही, एवढं श्रेय घेतो. खुर्ची मात्र दाराजवळ ओढली होती. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.