भुवईवरचा तीळ

पावसाळा मुरला की पवईत आजारपणाच्या दाखल्याचा कागद घरोघर दिसू लागतो. तुंगा गावातल्या, चैतन्यनगरातल्या दवाखान्यांतून तो चार घड्या होऊन बाहेर पडतो आणि सिक्युरिटीवाल्याच्या खिशात नाहीतर हाऊसकीपिंगवालीच्या पर्समध्ये आधार कार्डाला चिकटून बसतो. वर डॉक्टरांचं नाव, डिग्री, नोंदणी क्रमांक. खाली सही आणि जांभळा शिक्का. मधल्या तीन-चार ओळींत दुखणं, तारीख आणि विश्रांतीचे दिवस.

तो बोलतो मोजकं, पण जबाबदारीने. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेने त्याला शिस्त लावली आहे. डॉक्टरांनी रुग्णाला स्वतः तपासायचं, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, अंगावरची एक तरी ओळखखूण लिहायची आणि कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची. ‘उजव्या भुवईवर तीळ’ एवढीशी ओळ, पण मला ती फार मोलाची वाटते. ‘सगळे असंच सांगतात’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला ती ठणकावून सांगते, की हा माणूस डॉक्टरांसमोर बसला होता आणि त्याच्याकडे कुणीतरी नीट पाहिलंय.

हिरानंदानीतल्या टॉवरखाली बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या वॉचमनला डेंग्यू झाला, की या कागदाचा कस लागतो. एजन्सीने ईएसआय या कामगार विमा योजनेचा हप्ता भरला असेल, तर त्या योजनेच्या डॉक्टरांकडून याचाच सरकारी भाऊ मिळतो. त्याच्या जोरावर सरासरी मजुरीच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. टीबीसारखं दुखणं लांबलं तर ८० टक्के. रोज ५०० पडत असतील तर हातात ३५०. पहिले दोन दिवस मात्र कोरडे जातात, म्हणजे पाच दिवस अंथरुणात काढले तर पैसे तिनाचेच. हे दोन दिवस मला खटकतात. ताप चढतो तो तेव्हाच, आणि हातावर पोट असलेला माणूस दुखणं अंगावर काढतो तेही तेव्हाच.

फुलेनगर, मिलिंदनगरातून चार घरची कामं करायला निघणाऱ्या बाईसाठी मात्र हा कागद मुका आहे. डॉक्टर तिलाही लिहून देतील, शिक्काही तोच असेल, पण दाखवायचा कुणाला? ‘ताई, ताप आहे, दोन दिवस येत नाही,’ एवढाच तिचा अर्ज, आणि महिनाअखेरीला चारही घरी खाडे मोजले जातात. राज्याने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आजारपणातल्या पगारी रजेचा हक्क काही त्यातून तिच्या पदरात पडला नाही. तो मिळायलाच हवा. तोवर, केसपेपरचा फोटो पाठवणाऱ्या बाईचे दोन दिवस कापू नयेत, एवढं तर पवईतल्या घरांना आजही करता येईल.