घोगरा सूर

उर्दू शाळेत दिवसभर 'हम' म्हणायची सवय. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की लेखणीतून 'आम्ही'च उतरते. या लेखात मात्र आम्ही खरोखरच दोघे आहोत. एक रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातला मास्तर आणि दुसरा त्याचा इंग्लंडात स्थायिक झालेला मामेभाऊ. त्याला सगळे भाईच म्हणतात, म्हणून इथेही भाई.

दिवाळीच्या सुटीत भाई आला तो एक लांबट पेटी घेऊन. दादीला वाटले, मासे धरायची गळ आणली. पेटीतून निघाले धातुशोधक यंत्र. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती, हाताशी छोटा पडदा, कानाला लावायचे हेडफोन. तिकडे सुटीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी काढून भाई नाणी शोधत हिंडतो. इथे आपल्या वाडीत शोधायला कुणाची परवानगी हवी, असा त्याचा हिशेब. हा हिशेब पुढे चुकला, ते येईलच.

यंत्र बहुसुरी होते. साध्या यंत्राला कोणताही धातू सारखाच. खिळा असो की मोहर, ते एकच आवाज काढणार. बहुसुरी यंत्र मात्र धातू ओळखायचा प्रयत्न करते. चकतीतले तारेचे वेटोळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत वीज फिरते, आणि तिचा पडसाद यंत्र टिपते. लोखंडाला खालचा, घोगरा सूर. चॉकलेटची पन्नी, डब्याची कडी, निकेलमिश्रित नाणी यांना मधला. तांबे आणि चांदीला उंच, स्वच्छ सूर.

पहिल्या दिवशी भाईने त्याच्या सवयीप्रमाणे घोगरा सूर बंदच करून टाकला. "लोखंडासाठी कोण कंबर मोडून घेणार?" दोन तास हिंडून मिळाले काय, तर थंडपेयाच्या डब्याची झाकणे. घरी परतताना सहज खिशातला रुपया चकतीखाली टाकला. यंत्र गप्प. भाईने यंत्र झटकले, बॅटरी पाहिली. बिघाड यंत्रात नव्हता. आपला एक रुपया १९९२ पासून पोलादी आहे, चुंबकाला चिकटतो. यंत्राच्या लेखी तो लोखंडाच्याच जातीचा. घोगरा सूर बंद केला की आज बाजारात चालणारी नाणीच आपल्याला ऐकू येईनाशी होतात.

तेव्हा बी.एड.चा एक धडा कामाला आला. ज्ञाताकडून अज्ञाताकडे. दादीच्या डब्यातली नाणी मागून घेतली आणि खळ्यात वीत-वीत अंतरावर पुरली. प्रत्येकाजवळ काडी रोवून नाव लिहिले. षटकोनी वीस पैसे, ॲल्युमिनियमचे. जुने पन्नास पैसे, तांबे-निकेलचे. कातरलेल्या कडेचा एक आणा. जॉर्ज पंचमचा चांदीचा रुपया. शेजारी एक गंजका खिळा. मग डोळे मिटून चकती फिरवली आणि सूर ओळखायचा सराव केला. वर्गातल्या पोरांना पाढे पाठ करायला लावणारे आम्ही दोन दिवस खळ्यात सूर पाठ करीत होतो.

त्या सरावात कळलेले चार शब्द सांगतो. चकती जमिनीला समांतर आणि जवळ धरावी, झाडू मारल्यासारखी टोकाला उचलू नये. सावकाश फिरवावी, आणि मागच्या फेरीवर पुढची फेरी थोडी चढवावी. आपली जांभ्याची तांबडी माती स्वतःच लोहयुक्त. सुरुवातीला चकती खालीवर करून यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर ते जमिनीलाच ओरडत बसते. तरी कुरकुर करू लागले तर त्याची संवेदना कमी करावी. चार बोटे खोली गेली तरी चालेल, पण ऐकू येते ते खरे असावे. संशय आला की काटकोनात वळून पुन्हा फिरवावे. नाणे गोल, दोन्हीकडून सूर तोच येतो. खिळा एका बाजूने चांदीसारखा गातो आणि दुसऱ्या बाजूने घोगरा होतो. शेवटी, खणलेला खड्डा बुजवून गवताचा चापडा होता तसा बसवावा.

तिसऱ्या दिवशी वाडीच्या कडेला गेलो. भात कापून झाले होते, पावसाळ्याचा ओलावा अजून मातीत होता. तिथे आमच्या आणि नानांच्या वाडीमधला जांभ्याचा गडगा आहे आणि त्याला लागून जुनी पाखाडी खाडीकडे उतरते. पूर्वी सारा गाव त्याच वाटेने तरीवर जायचा. चालत्या वाटेवर पैसे पडतात, हा साधा तर्क. खिळ्यांच्या घोगऱ्या गलक्यात मधूनच एक बारीक उंच सूर चिवचिवला. घोगरा सूर बंद ठेवला असता तर शेजारच्या खिळ्याबरोबर तोही बुडाला असता. खुरप्याने वीतभर खणल्यावर हिरवट तांब्याचा जाडसर तुकडा हाती आला. हातभर अंतरावर दुसरा. दादी चिंच घेऊन घासायला निघाली, तिला कसेबसे थांबवले. घासले की अक्षरे जातात. पाण्यात भिजवून उन्हाकडे धरले तेव्हा दिसले, 'श्री राजा शिव', आणि मागे दोन आडव्या रेघांच्या वरखाली 'छत्रपति'. दुदांडी शिवराई. पेशवाईत चालणारा आणि इंग्रजी आल्यावरही कोकणी माणसाच्या कनवटीला राहिलेला पैसा.

संध्याकाळपर्यंत गावात हंडा सापडला होता. रात्री तो सोन्याचा झाला. सकाळी दुधाला गेलेल्या पोराला कुणीतरी विचारले, "गडगा सरकवून काढलात म्हणे?" अफवेला पाय फुटतातच, पण आमच्या नावाच्या माणसांच्या बाबतीत ते जरा लवकर फुटतात. नाना रोज पहाटे गडग्यावरून हाक मारतात, त्या दिवशी हाक आली नाही. तीन पिढ्या एका विहिरीचे पाणी प्यालेली घरे. भाईला इंग्लंडातला १९९६ चा कायदा पाठ होता. इथला १८७८ चा कायदा आम्हाला आठवला तो आत्ता. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जमिनीत दडलेली सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. किल्ल्यावर, संरक्षित जागेत तर हात लावायचाच नाही. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपुढचे नाणे देशाबाहेर नेता येत नाही. भाईने आठवण म्हणून एक शिवराई पाकिटात ठेवली होती. ती त्याने न बोलता काढून दिली.

मग यंत्र, दोन शिवराया आणि अर्जाचा कागद घेऊन नानांच्या ओटीवर गेलो.

"हा तुमचा हंडा, नाना."

नानांनी नाणी तळहातावर घेतली, चष्मा लावला, बराच वेळ पाहिली. "एवढंच?"

"एवढंच. गडग्याला लागून सापडली. अर्जावर तुमचीही सही हवी."

नाना काही बोलले नाहीत. उठून आत गेले. आम्हाला वाटले, राग गेला नाही. परत आले ते पाटावर कुंकवाने माखलेला एक रुपया घेऊन. "आजोबांपासून देव्हाऱ्यात आहे. परवाच लक्ष्मीपूजनाला काढला होता. वरची अक्षरं तुमच्यातली दिसतात. कुणाला दाखवायचं सुचलंच नाही कधी. वाचा बघू."

ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर कडेला तुटलेला. तरी 'शाह आलम' स्पष्ट लागले. मागच्या बाजूला 'जुलूस'. आज आपण मिरवणुकीला म्हणतो तो नव्हे, तख्तावर बसणे या अर्थाचा. आणि अक्षरांच्या मध्ये हत्तीचा अंकुश. दिल्लीचा बादशहा, १७५९ ते १८०६ नावापुरता गादीवर. नाणे मात्र मराठी मुलखातले, पेशव्यांच्या अमलातले अंकुशी.

"म्हणजे दरसाल आम्ही लक्ष्मी म्हणून उर्दूच पुजतो की काय?" काकू दारातून म्हणाल्या.

"फारसी, काकू."

"तेच ते," म्हणत त्यांनी चकल्यांची ताटली पुढे सरकवली.

नानांनी अर्जावर सही केली. मग त्यांना यंत्राचा आवाज ऐकायचा होता. भाईने हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि चकती पाटावरून फिरवली. नानांचे डोळे मोठे झाले. उंच, स्वच्छ सूर. नातवाने खिशातला आजचा रुपया शेजारी टाकला. नानांनी तोंड वाकडे केले. "हा कसला घोगरा?"

"तोही रुपयाच, नाना," आम्ही म्हणालो. "तो सूर बंद करायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी अर्ज कचेरीत दिला, पोच घेतली. पहाटे गडग्यावरून हाक आली होती.