तेवीस वारसांची जीप

मोटार घेतली असं सांगितलं की लोक "ॲव्हरेज किती देते?" असं विचारतात. जीप घेतली असं सांगितलं की "का?" असं विचारतात. मोटारीला कारण लागत नाही. शेजाऱ्यानं घेतली, एवढं कारण तिला पुरतं. जीपचं तसं नाही. पोलीस, पुढारी, जंगलखातं आणि हिंदी सिनेमातला डाकू एवढ्यांनीच जीप बाळगावी, असा आपल्या समाजाचा अलिखित करार आहे. बँकेत दुसऱ्यांच्या खात्यांवर टिकमार्क करण्यात हयात घालवलेल्या माणसानं जीप घेतली, की बिल्डिंगमधल्या बायका त्याच्या बायकोशी एकदम फार प्रेमानं बोलू लागतात.

आमच्याकडे कारण होतं. संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित कलमांची बाग आहे. 'आमची' म्हणजे तेवीस जणांची. तेवढी नावं सातबारावर आहेत. त्यातली बारा मुंबईत, सात पुण्यात, दोन बडोद्यात आणि एक न्यू जर्सीत. झाडांना पाणी, खत, राखण आणि शिव्या देणारे तेविसावे वारस म्हणजे आमचे थोरले चुलतभाऊ, दादा. बाकीचे बावीस जण मे महिन्यात आंबे खातात आणि जूनमध्ये हिशेब मागतात.

बाग वर सड्यावर, घर खाली वाडीत आणि डांबरी रस्ता वाडीच्याही पलीकडे. बागेपासून रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची बैलगाडीची जुनी वाट. बैलगाडी गेली, वाट राहिली. पुढे आंब्याच्या पेट्या माणसांच्या डोक्यावरून खाली यायच्या. मग माणसंही मुंबईला गेली. २००६ च्या मोसमात पेट्या उतरवायला चार गडी मिळाले. त्यांतला सर्वांत तरुण साठीचा होता. दादा स्वतः अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांचा उजवा गुडघा मात्र त्यांच्याही पुढे गेला होता. जूनमध्ये हिशेबाऐवजी त्यांचं कार्ड आलं. "पुढल्या वर्षी पेट्या उतरवणे जमणार नाही. जमिनीस एक गिऱ्हाईक आले आहे. तेवीस सह्या लागतील. बाकी क्षेम." दादांना चार ओळींत मृत्युपत्र लिहिता येतं.

गणपतीला सगळे जमले. ज्यांनी दहा-दहा वर्षांत सड्यावर पाऊल टाकलं नव्हतं, त्यांचेही गळे दाटून आले. सूचनांना तर पूर आला. एकानं गाढवं सुचवली. त्यावर दादांनी जमलेल्या मंडळींवरून सावकाश नजर फिरवली. एक मेहुणे दोरावरून पेट्या सोडण्याची योजना कागदावर काढत होते. ट्रॅक्टर-ट्रॉली त्या वळणांवर वळणार नव्हती. बैल घेता येतील, पण बैलाला वर्षभर वैरण लागते आणि वैरण घालायला माणूस. शेवटी कोणीतरी म्हणालं, "जुनी जीप घ्या." वर्गणी ठरली. न्यू जर्सीच्या पुतण्यानं पैशांच्या आधी विजेवर चालणाऱ्या विंचचा रंगीत फोटो पाठवला. खरेदीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त होतो आणि घरी नको होतो.

तुम्ही म्हणाल, शेतीला जीप हे खूळच. मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात विलिज कंपनीनं लष्करासाठी ढिगानं जीपा बनवल्या. युद्ध संपत आल्यावर या गाड्या विकायच्या कोणाला? कंपनीनं शेतकरी गाठला. १९४५ साली मुलकी जीप निघाली. तिला मागं उघडणारा फाळका, ओढकामाचा दांडा आणि इंजिनाच्या ताकदीवर शेतीची यंत्रं फिरवायची सोय. थोडक्यात, तोफा ओढणाऱ्या गाडीला नांगराला जुंपायचा बेत होता. आपल्याकडे महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. तेव्हा जीपनं पेट्या वाहणं म्हणजे तिनं आपल्या कुळाचाराला जागणंच.

पुण्यात जुन्या गाडीची चौकशी नाना पेठेत सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून विचारत विचारत मी एका उस्तादापर्यंत पोचलो. उस्ताद सत्तरीचे. जीप पाहण्याआधी त्यांनी मलाच पाहून घेतलं.

"शौक के लिए की काम के लिए?"

"कामासाठी. आंब्याच्या पेट्या."

"मग ठीक. शौकवाल्यांना मी गाडी दाखवत नाही. सहा महिन्यांत ते बायकोला घेऊन परत येतात, आणि बायको मलाच बोलते."

त्यांनी एमएम ५४० दाखवली. १९९१ चं मॉडेल, प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन. आधीचा मालक शौकवाला होता हे सांगावं लागलं नाही. पुढं लोखंडी तटबंदी, टपावर सहा दिवे, चार सुरांत ओरडणारा हॉर्न, मागं लाल रेक्झिनचा सोफा, दोन स्पीकर आणि डॅशबोर्डवर मान हलवणारा कुत्रा. चाकं मडगार्डाच्या बाहेर वीतभर आलेली. मिशा पिळून फोटोला बसलेल्या इसमासारखी ती दिसत होती. उस्तादांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, तेलाच्या टोपीवर तळहात धरला, धूर हुंगला आणि म्हणाले, "लडकी अच्छी है. दागिने उतरवावे लागतील."

गाडी सजवायची म्हणजे तिच्यात भर घालायची, अशी माझी समजूत होती. उस्तादांची पद्धत उलटी. पहिले पंधरा दिवस ते नुसतं काढत होते. तटबंदी गेली. "ही ठोकर गाडीला नाही लागत साब, चासीला लागते." रुंद टायर जाऊन सहा-सोळाचे अरुंद, खोल नक्षीचे टायर आले. रुंद टायर चिखलावर तरंगत बसतो, अरुंद टायर चिखल कापून खालची टणक जमीन गाठतो, असा त्यांचा खुलासा. कोकणातल्या जांभ्यावर चिखल वीतभर आणि खाली दगड, तिथं हे बरोबर बसतं. सोफा उचकटला तेव्हा त्याखाली पत्र्याला पडलेलं भोक सापडलं. त्यातून नाना पेठेचा रस्ता स्वच्छ दिसत होता. उतरवलेल्या दागिन्यांचे उस्तादांनी हिशेबात पैसे वळते केले. कुत्रा तेवढा माझ्या हातावर ठेवला. "बच्चों के लिए." माझा मुलगा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

मग रंग. शौकवाल्यानं गाडी लष्करी हिरवी करून घेतली होती. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे तो रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांचा. त्यात गाडीची पंधरा वर्षं भरत आलेली, म्हणजे तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नव्यानं नोंदणी. अशा तपासणीला शत्रूवर चालून निघाल्यासारखी गाडी नेण्यात अर्थ नव्हता. कोणता रंग द्यावा यावर बावीस वारसांची बावीस मतं आली. दादांना फोन केला, तर ते म्हणाले, "जांभ्याचा द्या. आठ दिवसांनी तोच दिसायचाय." तो दिला. आरसी बुकात नवा रंग चढवला आणि पाच वर्षांचं आयुष्य लिहून मिळालं. माणसाला अशी सोय नाही.

निघण्यापूर्वी उस्तादांनी मला पर्वतीच्या मागच्या एका मोकळ्या रानात नेऊन चार चाकांचं तत्त्वज्ञान शिकवलं. मोठ्या गियरशेजारी दोन छोट्या दांड्या असतात. एक पुढच्या चाकांना कामाला लावते, दुसरी इंजिनाचा वेग गिळून त्याची ताकद करते. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरावं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. पण त्याला एक खोड आहे. एक चाक चिखलात घसरायला लागलं, की ते फिरायचा सगळा हक्क त्यालाच देतं आणि घट्ट जमिनीवरचं शहाणं चाक स्वस्थ उभं राहतं.

"समझे?"

मला पटकन समजलं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला डिफरन्शियल समजावून सांगावं लागत नाही.

"म्हणून पुढची दोन चाकं पण लावायची. चारांतलं एक तरी इमानदार निघतं. पण डांबरावर नाही लावायची, गियर एकमेकांत भांडतात. आणि चिखलात शिरायच्या आधी लावायची. फसल्यावर लावतो तो ड्रायव्हर नाही, पॅसेंजर आहे."

आता बाकीचं सामान. हितचिंतकांच्या यादीत विंच, छतावरचा तंबू, कंपास, टपावरची कॅरियर आणि बर्फ ठेवायची पेटी होती. उस्तादांच्या यादीत एक चांगला जॅक, जॅकखाली ठेवायला दीड फुटी सागवानी फळी, काथ्याचा जाड दोर, कुदळ, ग्रीसगन, फॅनबेल्ट, टॉमी आणि पाण्याचा कॅन. मी फळीबद्दल शंका काढली. ते म्हणाले, "जॅक गाडी उचलतो. चिखलात जॅकला कोण उचलणार?" एवढं बिनतोड वाक्य मी बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात वाचलं नव्हतं.

कराड, पाटण आणि कुंभार्ली घाट उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाडीत पोचलो. वाटेत तीन ठिकाणी लोकांनी हात केला आणि "देवरुखाला किती?" असं विचारलं. मी वडापवाला नाही हे सांगितल्यावर त्यांना माझी कीव आली. एवढी रिकामी गाडी आणि धंदा नाही!

दादांनी जीप बैल पाहतात तशी पाहिली. भोवती एक फेरी घातली, टायरवर काठी मारली, वाकून पोट पाहिलं आणि विचारलं, "पाठ केवढी?" मी अश्वशक्ती सांगू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं आणि मागचा हौदा वितीनं मोजला. "सोळा पेट्या. दोन थर. वर ताडपत्री." संपली तपासणी. दुसऱ्या दिवशी वाडीतले सुतार मेस्त्री आले. त्यांनी हौद्यात फणसाच्या फळ्यांची बिछायत केली, पेट्या सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या मारल्या आणि पाणी निघून जायला फळ्यांत बोटभर फटी ठेवल्या. दोर बांधायला आठ कड्या बसल्या. जीप आता जीप राहिली नाही. चार चाकांचा माच झाली.

वहिनी हे सगळं ओटीवरून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भावजी, हिला पायरी नाही का हो?"

खरंच नव्हती. जमिनीपासून पावणेदोन फूट वर पाय टाकायचा, कशाला तरी धरायचं आणि अंग आत फेकायचं. लष्करातला जवान हे करतो. नऊवारी नेसलेली बासष्ट वर्षांची बाई कशी करणार? दादा कडाडले, "पेट्यांना कसली आलीय पायरी? जीप आहे, पालखी नव्हे!" वहिनी काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी वाडीतला लोहार एक लोखंडी पायरी घेऊन हजर. दोन आकडे फाळक्याला अडकवायचे, काम झालं की काढून आत टाकायची. पैसे वहिनींनी कोंबड्या विकून आधीच दिले होते.

२००७ च्या मोसमात सगळ्या पेट्या जीपनं उतरल्या. लो गियरमध्ये उतारावर ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावावा लागत नाही. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं आणि ती गाभण गाईसारखी जपून उतरते. तेवीस सह्यांचा विषय कुणी काढला नाही.

पण खरं काम पुढं निघालं. त्याच वर्षी जुलैतल्या एका रात्री सड्यापलीकडच्या धनगरवाड्यातून दोन पोरं कंदील घेऊन आली. त्यांची भावजय अडली होती. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आली २०१४ साली. ही गोष्ट त्याच्या सात वर्षं आधीची. एरवी अशा बाईला झोळीत घालून डोंगर उतरवायचे. मी तेव्हा वाडीतच होतो. चारही चाकं लावून वर गेलो. दोनदा फसलो. फळी कामाला आली, दोर कामाला आला. ती पोर उभी राहू शकत होती, पण पाय उचलू शकत नव्हती. वहिनींनी काही न बोलता पायरी काढून फाळक्याला अडकवली. पेट्यांच्या जागी गोधड्या घातल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः हौद्यात बसल्या. पहाटे देवरुखला मुलगी झाली. धनगरवाड्यात तिचं पाळण्यातलं नाव वेगळं असेल, पण सगळे तिला जिपी म्हणतात. परवा ती बारावी झाली.

तेव्हापासून जीपचा मालक कोण हे मला सांगता येत नाही. आरसी बुकावर माझं नाव आहे. पण तिच्यातून खताची पोती गेली, शाळेची बाकं गेली, गौरी-गणपती गेले, एकदा नवरा-नवरी गेली. न्यू जर्सीच्या विंचचा फोटो वहिनींनी जपून ठेवला आहे. पाहुण्यांना त्या तो "आमच्या जीपला हे येणार होतं" म्हणून दाखवतात. जीपची दर पाच वर्षांनी तपासणी होते. धूर, ब्रेक, दिवे पाहतात. सोळा पेट्यांचा हिशेब तेवढा कुणी पाहत नाही.

मध्यंतरी तो गिऱ्हाईक पुन्हा येऊन गेला. आता किंमत त्यानं बरीच वाढवली आहे. दादा नव्वदीकडे झुकलेत, कानानं कमी ऐकतात. त्यांनी आकडा तीनदा विचारला, तिन्ही वेळा मान हलवली आणि "मोहोर बघायचाय, चला" म्हणत उठले. मी जीप पुढं घेतली. ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि काठीनं फाळका ठोकू लागले. मला कळेना काय हवंय.

वहिनी आतून पायरी घेऊन आल्या. आकडे अडकवले, हात दिला. दादा पालखीत चढावं तसे सावकाश चढले आणि फळीवर बसून म्हणाले, "चला. लो गियर टाका."