आत्याचा दात आणि पुतणीची नखं

निपाणी म्हटलं की तंबाखू, आणि आमची आत्या म्हटली की मिश्रीची डबी. चाळीस वर्षं घासून घासून तिच्या दातांना हिरडीलगत खाचा पडल्या होत्या. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. शेवटी तिला बेळगावला दाखवलं. डॉक्टरांनी खाचेत दाताच्याच रंगाचं मऊ लुकण भरलं आणि वीस सेकंद निळा उजेड धरला.

"एवढ्यात वाळलं व्हय?" आत्यानं विचारलं.

वाळलं नव्हतं, ते जुळलं होतं. त्या लुकणात बारीक काचेची पूड आणि मधासारखं दाट रसायन असतं, बिस-जीएमए. अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी १९६२ साली त्याचं पेटंट घेतलं. उजेडानं घट्ट करायची सोय पुढं आली. त्यातलं चिमूटभर कॅम्फरक्विनोन निळा उजेड शोषतं आणि सुटे रेणू एकमेकांना साखळीसारखे धरतात. उजेड खोलवर पोचत नाही, म्हणून डॉक्टर साधारण दोन मिलिमीटरचे थर देतात. याच जातीची रसायनं छापखान्याच्या शाईत असतात, इंटरनेटच्या काचतंतूंवरच्या लेपातही असतात.

आणि नखांच्या जेलमध्येही. आमच्या पुतणीनं दिव्यासकट संच ऑनलाइन मागवला. महिन्याभरात नखांभोवतीची कातडी लाल झाली, खाज सुटली, भेगा पडल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी बाटली वाचून बोट ठेवलं ते 'हेमा' या नावावर. (नाव कसं, शेजारच्या मुलीसारखं!) पुरतं घट्ट झालेलं जेल फारसा त्रास देत नाही, कातडीला लागलेलं ओलं किंवा अर्धकच्चं जेल देतं. एकदा का शरीराला ते वावडं झालं, की सहसा जन्मभर राहतं. पातळ रबरी हातमोज्यांतूनही हे रसायन काही मिनिटांत आत शिरतं. युरोपात २०२० च्या नियमानं हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठी ठेवली. आपल्याकडं कुणीही घरी मागवतं.

खरी अडचण पुढची आहे. हेच हेमा दातात लुकण चिकटवायच्या द्रवातही बऱ्याचदा असतं. पोरगी अवघी एकोणीस वर्षांची. यापुढं दात भरायला गेली की खुर्चीत बसण्याआधी तिला हे सांगावं लागणार. डॉक्टरांनी तशी चिठ्ठीच लिहून दिलीय.

संच माझ्या कपाटात आहे. तिच्या दोन मैत्रिणी मागून गेल्या. मी दिला नाही.