खुर्चीतून उठण्याचं बळ

विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये एक बारीक निरीक्षण नोंदवलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारातल्या काही रुग्णांना श्रम झाले की तेवढ्यापुरतं अंधुक दिसू लागतं. निरीक्षण अचूक होतं. दोष श्रमाचा नसून अंगातल्या उष्णतेचा आहे, हे पुढे कळलं. मज्जातंतूवरचं मायलिनचं वेष्टण झिजलेलं असलं की तापमान किंचित वाढलं तरी संदेश वाटेतच अडतो, आणि अंग निवलं की पुन्हा वाहू लागतो. म्हणजे त्रास खरा, पण तंतूला नवी इजा झालेली नसते. तरीही ‘थकू नका, जपा, पडून राहा’ हा सल्ला कित्येक दशकं चालत राहिला. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं कांस्यपदक मिळवणारा अमेरिकन स्कीपटू जिमी ह्यूगा याला १९७० मध्ये हा आजार असल्याचं निदान झालं, तेव्हा त्यालाही हेच सांगण्यात आलं. विश्रांतीने आपण आणखी खचतो आहोत हे जाणवल्यावर त्याने स्वतःच्या बेताने व्यायाम सुरू केला, आणि १९८४ मध्ये कोलोरॅडोत त्याच विचाराचं केंद्र काढलं.

या आजारातला अशक्तपणा दुहेरी असतो. एक भाग मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या व्रणांचा. दुसरा भाग न वापरल्यामुळे आलेला: पाय जड पडतात म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून स्नायू रोडावतात, दम लवकर लागतो, आणि मग पाय आणखी जड पडतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रुग्णालाही ते वेगळे करता येत नाहीत, आणि सगळंच आजाराच्या खाती जमा होतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातला १९९६ चा अभ्यास म्हणूनच मोलाचा. त्यात चोपन्न रुग्णांपैकी एका गटाने पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा चाळीस-चाळीस मिनिटं हातापायांनी सायकलसारखं यंत्र फिरवलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. त्यांच्या व्रणांवर कुणी काही उपचार केला नव्हता. परत मिळालं ते न वापरल्याने गेलेलं बळ.

मात्र यंत्रावर कमावलेलं बळ जिन्यावर आपोआप उतरत नाही. मांडीचा स्नायू यंत्रावर बसून वजन उचलायला शिकतो तेव्हा तो तेवढंच शिकतो. तोल सावरणं, वळणं, हातात पातेलं असताना पाऊल टाकणं या गोष्टी मेंदूला त्या-त्या हालचालीतूनच शिकाव्या लागतात. दैनंदिन हालचालींवर बेतलेल्या व्यायामाचा आधार हाच आहे. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘दिवसात नेमकं कुठे अडतं?’ हा. आपल्याकडे उत्तरं आपलीच येतील: मांडी घालून बसल्यावर उठताना, उकिडवं बसण्याच्या संडासात, एसटीच्या उंच पायरीवर, ओल्या न्हाणीघरात. खुर्चीतून उठणंच घ्या. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, धड पुढे झुकवायचं, भार पावलांवर आला की उठायचं, आणि बसताना धपकन न बसता हळूहळू टेकायचं. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवायची, जमू लागलं की उशी काढायची, मग हातांचा आधार सोडायचा, पुढे हातात पाण्याचा पेला धरायचा. दिसायला क्षुल्लक, पण घरात एकट्याने राहता येईल की नाही हे अनेकदा यावरच ठरतं.

‘आधीच थकवा मारतो, त्यात व्यायाम कुठून?’ ही तक्रार खरी आहे, आणि तिला आळस म्हणणं हा अन्याय आहे. म्हणूनच डोस लहान हवा: चार वेळा उठणं, बसून विसावा, पुन्हा चार वेळा. वेळ सकाळची, पंखा चालू, गार पाणी जवळ. विदर्भातल्या मे महिन्यात तर हा नियम मोडूच नये. व्यायामाने या आजाराचा ॲटॅक येईल, म्हणजे तो अचानक उसळेल, ही भीती मात्र पुराव्यावर टिकत नाही. २०१४ मध्ये सव्वीस अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांत ४.६ टक्के आणि न करणाऱ्यांत ६.३ टक्के लोकांना ॲटॅक आले होते. यावरून व्यायाम ॲटॅक टाळतो असं मी म्हणणार नाही; तो ते ओढवून आणत नाही, इतकंच.

अधिक अवघड आक्षेप वेगळा आहे. बहुतेक पुरावा चालू शकणाऱ्यांचा आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला याचा काय उपयोग? अमेरिकेतल्या नॅशनल मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटीच्या २०२० च्या शिफारशींनी गंभीर अपंगत्व आलेल्यांनाही वगळलेलं नाही, आणि ते मला योग्य वाटतं. पलंगावरून खुर्चीत सरकणं हीसुद्धा सरावाने टिकणारी हालचाल आहे. ती टिकली तर उचलायला दुसरा माणूस येईपर्यंत ताटकळावं लागत नाही. आणि सराव करूनही बळ ओसरत गेलं, तर तो रुग्णाचा कमीपणा मानू नये. हा आजार कष्टाचं फळ प्रत्येकाला सारखं देत नाही. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसला अपंगत्व म्हणून मान्यता दिली आहे; आता तशीच मान्यता उपचारात व्यायामालाही हवी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव, मात्रा, वेळ सगळं लिहिलेलं असतं. त्याच चिठ्ठीवर खुर्चीची उंची, किती वेळा उठायचं आणि मध्ये किती थांबायचं, हेही लिहिलेलं असायला हवं.