एक टन सामान आणि सत्तर काड्या!

अहो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा! मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि आता तुम्हीच समोर आहात! क्लॉन्डाइक! नाव ऐकलंय? कॅनडाच्या पार वायव्य टोकाला, अलास्काला खेटून, युकॉन नदीला मिळणारी ही एक नदी. तिच्याजवळच्या एका ओढ्यात 1896 च्या ऑगस्टमध्ये सोनं सापडलं, आणि मग पुढच्या जुलैत सोन्याने भरलेलं जहाज सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागलं, आणि मग जे काही झालं त्याला वेड म्हणायचं नाही तर काय! दुकानदार, कारकून, शिक्षक, ट्रामचे चालक, सगळे नोकऱ्या सोडून उत्तरेकडे निघाले. अंदाजे एक लाख माणसं! आणि त्यातली बहुतेक अशी, की ज्यांनी आयुष्यात कधी कुदळ हातात धरली नव्हती!

मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. बर्फातलं जगणं मला फक्त पुस्तकातून ठाऊक आहे. पण जॅक लंडन या अमेरिकी लेखकाची एक गोष्ट वाचली, आणि मग तो तिथे खरंच गेला होता हे कळलं, आणि मग तो कुठल्या वाटेने गेला ते शोधायला लागले, आणि मग त्या वाटेवर माणसांनी काय काय वाहून नेलं त्याची यादी हाती लागली, आणि मग मी संपलेच!

ती यादी! सोनं राहू द्या बाजूला, ती यादी बघा! तिकडे कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी सक्ती केली होती, की वर्षभराचा शिधा बरोबर नसेल तर पुढे पाऊल टाकायचं नाही. बरोबरच होतं हो! पलीकडे दुकान नाही, शेत नाही, हिवाळ्यात बाहेरून काही येण्याची सोय नाही. म्हणून माणशी 400 पौंड पीठ. म्हणजे 180 किलो! दीडशे पौंड खारवलेलं मांस, सव्वाशे पौंड घेवड्याचे दाणे, 75 पौंड सुकी फळं, सुकवलेले बटाटे, सुकवलेला कांदा, आणि एक डबा मोहरी! मोहरी! कुणीतरी बसून विचार केलाय, की वर्षभर तेच ते खाऊन जिभेची चव जाईल. शिवाय तंबू, शेगडी, कुऱ्हाडी, खिळे, दोनशे फूट दोर, सोनं धुवायचं घमेलं, आणि मच्छरदाणीचं कापड, कारण उन्हाळ्यात त्या बर्फाच्या देशात डास फोडून खातात! आणि चौघांत मिळून काडेपेट्यांचा एक डबा. हा डबा लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी येणारच आहे.

अशा एकाच्या सामानाचं वजन जवळजवळ एक टन. आणि ते न्यायचं कसं? पाठीवर! डायी नावाच्या किनाऱ्यावरच्या गावापासून चिलकूट खिंड ओलांडून बेनेट सरोवरापर्यंत वाट 53 किलोमीटरची. एवढंच? मलाही आधी एवढंच वाटलं! पण एका वेळी तीसेक किलो उचललं तर सगळं सामान हलवायला तीस खेपा. तीसदा पुढे, आणि एकोणतीसदा मोकळ्या पाठीने मागे! मी कागदावर मांडून बघितलं. सगळं एकट्याने वाहिलं तर तीन हजार किलोमीटरच्या वर चाल होते! मुंबईहून दिल्लीला पायी जाऊन पायीच परत यावं, तरी थोडी उरतेच!

आणि खिंडीचा शेवटचा चढ! 1897-98 च्या हिवाळ्यात तिथे बर्फात सुमारे 1,500 पायऱ्या कोरल्या होत्या, आणि कोरणारे त्याचा टोल घ्यायचे! एकामागे एक माणूस, खालपासून वरपर्यंत काळी अखंड ओळ. दम लागून कुणी बाजूला झाला, की पुन्हा ओळीत शिरायला ताटकळत बसायचा. वर पोचून ओझं टाकायचं, आणि मग बर्फावर बसकण मारून घसरगुंडीने खाली! मोठी दाढीवाली माणसं! आणि मग पुन्हा पहिली पायरी! एरिक हेग नावाच्या छायाचित्रकाराने ही रांग टिपून ठेवलीय, आणि चार्ली चॅप्लिनने 1925 च्या ‘द गोल्ड रश’च्या सुरुवातीला तसाच देखावा शेकडो माणसं उभी करून पुन्हा रचला.

ही वाट मात्र नवी नव्हती. त्लिंगित लोकांचा तो जुना व्यापारी मार्ग. त्यांचे पुरुष, बायका, पोरंसुद्धा मजुरीवर ओझी वाहायची. ज्या टोळीला पहिलं सोनं सापडलं त्यातला स्कूकम जिम, मूळ नाव केईश, याने एका दमात सत्तर किलोचं ओझं ही खिंड पार करून नेलं होतं! आणि ज्या हान लोकांचे मासेमारीचे तळ क्लॉन्डाइकच्या मुखाशी होते, त्यांना या गर्दीपुढे युकॉन नदीच्या खालच्या अंगाला सरकावं लागलं. सोन्याच्या गोष्टीत हे पान कुणी उलटत नाही, मला त्याचा राग येतो.

शेजारची व्हाइट पास वाट त्याहून वाईट. तिथे सुमारे 3,000 घोडे मेले. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

पण बेनेटला या! कारण खिंड संपली म्हणजे प्रवास संपला असं नाही! पुढे आठशे किलोमीटर पाण्यातून, आणि त्यासाठी होडी स्वतः बांधायची! झाड तोडायचं, उंच घोडीवर चढवायचं, एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली, आणि लांब करवत ओढत फळ्या पाडायच्या. सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यांत! वरच्याला वाटायचं खालचा नीट ओढत नाही, खालच्याला वाटायचं वरचा मुद्दाम करतोय, आणि मग जिवाभावाचे मित्र इतके भांडायचे की सामान अर्धं-अर्धं करून वेगळे व्हायचे! 29 मे 1898 ला बर्फ फुटला, आणि मग सात हजारांवर होड्या निघाल्या. सात हजार! आणि सोन्याच्या ओढ्यांजवळच्या डॉसन गावाला पोचल्यावर कळलं काय, तर चांगल्या जागांचे हक्क दोन वर्षांपूर्वीच इतरांनी घेऊन टाकलेत! एक लाखातले तीस-चाळीस हजार पोचले, सोनं मिळालं त्यातल्या चारेक हजारांना.

ज्यांना जमीन मिळाली त्यांचे हालही ऐका! माती बारमाही गोठलेली, दगडासारखी. मग तिच्यावर जाळ करायचा, थोडी विरघळली की ती उपसायची, पुन्हा जाळ, पुन्हा उपसा, असं खालच्या खडकापर्यंत. उपसलेला ढीग वसंतात पाणी वाहू लागलं की धुवायचा. तोवर सोनं आहे की नुसता चिखल, देवाला ठाऊक! तिथे आग म्हणजे जेवण, आग म्हणजे अवजार, आग म्हणजे जीव!

आणि इथे येतो आपला जॅक! 1897 च्या जुलैत, एकवीस वर्षांचा, मेहुण्याबरोबर निघाला. साठीचा मेहुणा खिंड बघूनच परत फिरला. जॅक गेला, हेंडरसन ओढ्यावर हक्क नोंदवला, हिवाळा काढला, ताज्या अन्नाअभावी स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो युकॉनवरून होडीने परतला. कमाई किती? साडेचार डॉलरचं सोनं! आणि मग त्याच हिवाळ्यातून ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आली, ‘व्हाइट फँग’ आली, आणि आली ती गोष्ट, ‘टू बिल्ड अ फायर’!

एक माणूस, एक कुत्रा, थंडी उणे 59 अंशांच्या आसपास. पारासुद्धा उणे 39 ला गोठतो, विचार करा! माणूस निघालाय त्याच हेंडरसन ओढ्याकडे. पाय भिजतात. आता आग पेटलीच पाहिजे. आणि खिशात गंधकाच्या सत्तर काड्या! मला एकदम तो चौघांतला डबा आठवला, आणि अंगावर काटाच आला. टनभर सामान खिंडीपार नेलेल्या लोकांचं जगणं शेवटी त्या काड्यांवर आणि त्या धरणाऱ्या बोटांवर येऊन ठेपतं! जॅकने ही गोष्ट दोनदा लिहिली. 1902 ची मुलांसाठी, तिच्यात माणसाला नाव आहे आणि तो वाचतो. 1908 ची मोठ्यांसाठी, तिच्यात त्याला नावच नाही. तिचा शेवट मी अजिबात सांगणार नाही!

एका बैठकीत संपते हो! आधी शिध्याची यादी पुन्हा वाचा, काडेपेट्यांच्या डब्यापाशी थांबा, आणि मग 1908 ची ‘टू बिल्ड अ फायर’ वाचायला घ्या. आजच!